उभ्यानं बोलणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई सामन्याचं वर्णन कधी बसून करत नसत. माइक हातात आला की चपला काढून मैदानाच्या कडेला उभ्या राहायच्या. बुलढाण्याच्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रात मी ध्वनिमुद्रण सांभाळायचो. पहिल्या दिवशी मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाल्या, "बसून बोललं का आवाज बी बसते, भाऊ."

धाड गावच्या शेतकरी घरातली ही मुलगी खो-खो खेळली, कबड्डी खेळली, भालाही फेकला. एका स्पर्धेत गुडघा दुखावला, तरी प्रशिक्षकांनी पट्टी बांधून त्यांना अंतिम सामन्यात उतरवलं. संघ जिंकला, ताईंचं खेळणं तिथंच संपलं. "कप त्याहीनं नेला, दुखणं माह्यापाशी राह्यलं," असं त्या हसत सांगत.

पुढं त्या रेडिओवर आल्या त्या आपली वऱ्हाडी घेऊनच. शेतात निंदण-खुरपण करणाऱ्या बाया त्यांचा आवाज आला की मोबाइलचा आवाज वाढवायच्या.

वडनेर भोलजीला मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता. ताईंचा आवाज रेडिओवर आणि मैदानातल्या भोंग्यावरही जात होता. चढाई करताना सलमा नावाची मुलगी पडली. उठली ती लंगडतच. प्रशिक्षक तिला पुन्हा आत पाठवू लागले, तशा ताई वर्णन करता करता थांबल्या.

"सलमाचा गुडघा सुजून राह्यला. तिले बाहेर घ्या!"

लोक ओरडले. आयोजक धावत आले. "ताई, तुम्ही फक्त वर्णन करा."

"तेच करून राह्यली. जे दिसते ते सांगून राह्यली."

सलमा रडायला लागली. "ताई, मले खेळू द्या ना! जिंकत आलो आपण."

ताईंनी माइक माझ्या हाती दिला, मैदानात गेल्या आणि तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. संघ हरला. त्या आयोजकांनी ताईंना पुन्हा कधी बोलावलं नाही. ताईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. धाडला त्यांच्या घरी सलमाही आली होती. ती आता शेगावात मुलींना कबड्डी शिकवते, स्वतःही खेळते. ताईंच्या मुलीजवळ जाऊन बसली. मग म्हणाली, "हारलो म्हणून मी ताईवर लय चिडली होती. त्या फोन करायच्या, मी उचलत नव्हती. तरी करतच राह्यल्या. शेवटी एक दिवस उचलला. बाकी काहीच बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, 'पाय कसा हाये वो माय?'"