हॅलोताई आणि तलावाचं पत्रक

हॅलोताईंना एखादी गोष्ट पटली की संपलंच. मग समोरच्याला ती पटेपर्यंत त्या काही त्याला सोडायच्या नाहीत. उभी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर झालेली, त्यामुळे आवाज असा खणखणीत की फोन लागला नाही तरी पलीकडच्याला ऐकू जावं. निवृत्त झाल्यावर त्या पोहण्याच्या क्लबात आल्या आणि क्लबाचं मासिक पत्रक त्यांच्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, त्यांनीच मान पुढे केली!

आता हे पत्रक म्हणजे एक गंमतच होती. छापून, घड्या घालून, टपालानं घरी पोचेपर्यंत बातमी शिळी. 'सफाईसाठी तलाव बंद' हे वाचायला मिळायचं कधी, तर खांद्यावर टॉवेल टाकून कुलूप लावलेल्या फाटकासमोर कुडकुडून आल्यावर. मागच्या महिन्यात दाताचे डॉक्टर असेच फाटकाशी उभे राहिले आणि घरी गेले तर दारात पत्रक! लोकांचे दात बघणाऱ्या माणसाचे स्वतःचेच दात वाजत होते. हॅलोताई त्याच दिवशी पेटल्या.

"बास झालं! आता पत्रक फोनवर. इकडून सोडलं की तिकडे हजर!"

झालं, हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागल्या. पायऱ्यांवर केस पुसत बसलेल्या बँकेतल्या बाई आयत्याच सापडल्या, त्यांचा ईमेल घेतला. शिंपी म्हणाला, "ताई, मला त्या फोनमधलं काही कळत नाही."

"नातवाचे फोटो बघता ना रोज? मग तेवढंच कळावं लागतं!"

शिंप्याचाही ईमेल मिळाला. एका आजोबांनी त्यांना लांबून येताना पाहिलं आणि सरळ बुडी मारली. हॅलोताई काठावर उभ्या. माणूस पाण्याखाली राहून राहून राहील किती वेळ? आजोबा वर आले ते "हो, हो" म्हणतच आले.

राहिले एकटे घड्याळजी, आणि घोडं तिथंच अडलं. क्लबाचा नियमच होता, पत्रकात काही बदलायचं तर सगळ्यांची संमती हवी. एक जरी नाही म्हणाला तरी नाही. हा नियम केला कुणी? घड्याळजींनीच! क्लब काढला तो त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते त्यांनी "कंटाळा आला" म्हणून बंद केलं. मागच्या वर्षी वहिनी गेल्या तेव्हापासून पोहायलाही येईनासे झाले. फक्त सभेला यायचे आणि नाही म्हणायचे. "कागद तो कागद. तुमची फोनची थेरं मला नकोत."

खरं सांगायचं तर हॅलोताईंच्या मनात त्यांच्याबद्दल अढी होती. वहिनी त्यांची जिवाभावाची मैत्रीण. त्या गेल्या तेव्हा हॅलोताईंनी पत्रकात त्यांच्यावर पानभर लिहिलं होतं, रडत, फाडत, पुन्हा लिहीत. सगळ्या क्लबानं येऊन हात धरले. घड्याळजींनी मात्र तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बरं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. अरे, नसेल आवडलं तर तसं सांगावं की माणसानं! फार लागलं होतं ते त्यांना.

तरी हॅलोताई घड्याळजींच्या घरी गेल्याच. दुसऱ्या दिवशी सभा होती. लेकाकडून टॅब मागून आणला आणि तो काखेत मारून घड्याळजींच्या खुर्चीसमोर जाऊन बसल्या.

"भाऊ, हो ऐकल्याशिवाय मी उठायची नाही."

"मग गादी घालतो," घड्याळजी म्हणाले. "मुक्कामाची तयारी असू दे."

हॅलोताईंनी तोंडाचा पट्टा सोडला. सफाईची बातमी आदल्या दिवशी कळेल, फोटो रंगीत येतील, टपालात काही गहाळ व्हायचं नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"अगं, तेवढ्याशा काचेवर मुंगीएवढं अक्षर. वाचणार कोण ते?"

"अहो, मोठं होतं की!"

घड्याळजी खुर्चीत पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "किती मोठं?"

"म्हणाल तेवढं!" हॅलोताईंनी काचेवर दोन बोटं ताणली.

"अजून," घड्याळजी म्हणाले. "अजून."

शेवटी काचेवर चारच शब्द मावले. घड्याळजींनी टॅब हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि मोठ्यानं वाचलं, "तलाव सोमवारी बंद राहील." एवढंच! पण चेहरा असा फुलला की जणू परीक्षेत पहिला नंबर आलाय.

आत्ता कुठं हॅलोताईंच्या डोक्यात उजेड पडला. दुकान कंटाळ्यानं बंद झालंच नव्हतं. डोळे गेलेत हे घड्याळजी बाजारात कुठल्या तोंडानं सांगणार? कागदाचं बरं असतं, हातात धरून मान हलवली की माणूस वाचतोय असं वाटतं.

"यात मागचंही दिसतं का गं?"

"सगळे जुने अंक घातलेत मी."

"मग तो... हिच्यावरचा काढ."

"भाऊ! म्हणजे तुम्ही तो अजून..."

"कुणाला म्हणू वाचून दाखव? त्याच्यासमोर रडू कोसळलं असतं मला."

वर्षभराची अढी कुठल्या कुठे गेली. घाईघाईत हॅलोताईंनी आधी भलतंच पान उघडलं, मग हवं ते सापडलं. घड्याळजी एकेका शब्दाखाली बोट धरून वाचू लागले. मध्येच हसले. मध्येच डोळे पुसले. आणि एकदम खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"हे काय लिहिलंयस? 'घड्याळजींनी त्यांना पोहायला शिकवलं'? साफ खोटं! पाण्याला घाबरायचो मी. काठाला धरून रडायचो! तिनं मला शिकवलं. वर्षभर सगळा क्लब हे खोटं धरून बसलाय आणि मला पत्ता नाही!"

हॅलोताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मला आपलं वाटलं की..."

"हे आता बदलता येईल?"

"आत्ता येईल."

"आणि सगळ्यांना कळेल? आजच?"

"घटकेत कळेल. पण भाऊ, उद्या सभेत तुमची संमती..."

"दिली! शंभरदा दिली! तू आधी लिही." घड्याळजी खुर्चीतून अर्धे उठलेच. "तिनं मला शिकवलं. असंच लिही. आणि अक्षर मोठं ठेव, सगळ्यांना दिसलं पाहिजे."