बाबांना क्लायंट करायचं होतं

जिममध्ये लोक पाण्याच्या बाटल्या विसरून जातात. न्यायला कोणी येत नाही आणि फेकून द्यायला हात धजत नाही. कोपऱ्यात साचतच राहतात. आमच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. मी, गोट्या आणि स्नेहा भेटलो की एकेक बाहेर निघतो. आधी पोट धरून हसतो, मग कुणीतरी "जाऊ दे यार" म्हणतं आणि चहा मागवतं.

बारावीच्या वर्षी आम्हा तिघांनाही पर्सनल ट्रेनर व्हायचं होतं. नाशिक रोडला पिठाच्या गिरणीवर एक जिम होतं, तिथले सर आम्हाला ट्रेनरचा कोर्स शिकवायचे. डंबेल्सवर कायम पिठाचा थर! पहिल्याच दिवशी मी आरशासमोर दंड फुगवून उभा राहिलो. सर मागून म्हणाले, "आरशात बघतो तो बॉडीबिल्डर. दुसऱ्याकडे बघतो तो ट्रेनर. तुला काय व्हायचंय?"

मी पटकन दंड खाली घेतला.

*

गोट्या चांदवडचा, इथे मावशीकडे राहायचा. वजन कसं उचलावं हा धडा सरांनी शिकवला आणि याच्या अंगात आलं! सुट्टीत गावी गेला तो थेट कांदा मार्केटला. गोण्या उचलणाऱ्या एका म्हाताऱ्या हमालाला अडवून म्हणाला, "मामा, कमरंतून वाकू नका. गुडघ्यातून उचला."

मामांनी गोणी पाठीवर घेतली आणि म्हणाले, "आरं पोरा, गुडघं ऱ्हायलं असतं तर गुडघ्यातूनच उचललं नसतं का?"

तेव्हा आम्ही जिमच्या फरशीवर लोळून हसलो होतो. आता रोज असे गुडघे माझ्यासमोर येतात. मला हसू येत नाही.

*

याच गोट्याला ऑर्डर देणं काही जमेना. सर म्हणायचे, "ट्रेनरचा आवाज खणखणीत पाहिजे!" पण गोट्याच्या घरचे संस्कार असे, की वयाने मोठा माणूस दिसला की हा हात जोडणार. एकदा सरांनी त्याला एका पोट सुटलेल्या वकिलांकडे पाठवलं. गोट्या गेला आणि अदबीने म्हणाला, "मालक, तुमची इच्छा असंल तर अजून थोडे डंबेल्स मारता का?"

वकील म्हणाले, "इच्छा नाही." टॉवेल उचलला आणि घरी गेले!

दर हंगामाला गोट्याला घरून फोन यायचा, कांदा काढायला माणूस कमी पडतंय म्हणून. तो जायचा आणि परत यायचा. एका हंगामाला गेला तो आलाच नाही. हायवेला आता त्याचं टायरचं दुकान आहे. "लय भारी चाललंय," म्हणतो. पण गिऱ्हाईक वाकून टायर बघायला लागलं, की अजूनही त्याच्या तोंडून निघतं, "पाठ सरळ, मालक!"

*

स्नेहा आमच्यात सगळ्यात हुशार. तिने सोसायटीतल्या एका काकूंना डाएट लावून दिलं. एकादशीला सहज डोकावली, तर काकूंच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, रताळ्याचा कीस आणि शेजारी वाटीत उकडलेले मूग!

"काकू, हे काय?"

"अगं, आज दोन्ही आहे ना! हे उपासाचं आणि ते तुझ्या डाएटचं."

*

स्नेहाचा दुसरा किस्सा तिच्या लग्नाचा. तिला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "या कामात परक्या पुरुषांना हात लावावा लागतो का?"

स्नेहा म्हणाली, "नाडी बघावी लागते, काका. तुमची बघू?"

काकांनी खरंच हात पुढे केला! सगळे हसले, लग्न ठरलं आणि कोर्स मात्र सुटला. स्वतःच सोडला असं ती म्हणते, आम्हीही मान डोलावतो. तिच्याइतकं नेमकं बघणारी ट्रेनर मला पुन्हा भेटली नाही.

*

राहिलो मी. बाबा नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये कामाला होते. नोकरी म्हणजे सरकारी, बाकीचे सगळे उद्योग, असा त्यांचा हिशेब. नातेवाइकांना सांगायचे, "आमचे चिरंजीव लोकांचा घाम काढणार आहेत!" मला मात्र पहिला क्लायंट म्हणून तेच हवे होते. किती मागे लागलो! नुसतं चाला म्हणालो, नुसते हात वर करा म्हणालो. ते पेपरमधून मान न काढता म्हणायचे, "मी गिऱ्हाईक नाही, बाप आहे."

आता बाबा नाहीत. ट्रेनर म्हणून गंगापूर रोडवरच्या कितीतरी लोकांना मी घाम गाळायला लावला, पण घरातला तो एक माणूस मला नीट बघायला मिळाला नाही. फक्त एकदाच मिळाला.

*

माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती. प्रत्येकाने आपापला क्लायंट आणायचा, तोही चाळिशीच्या पुढचा. शेजारचे काका कबूल झाले होते, ते ऐनवेळी लग्नाला निघून गेले. स्कूटरवर मला सोडायला आलेले बाबा खाली उभे होते. माझा चेहरा बघून त्यांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "चल. बाप गिऱ्हाईक झाला तर काही बिघडत नाही."

जिन्यात ते मध्येच थांबले. मला वाटलं, विचार बदलला.

व्यायामाआधी क्लायंटला तब्येतीचे ठरलेले प्रश्न विचारायचे असतात. परीक्षक ऐकत होते. मी पाठ केलेलं सुरू केलं.

"आपलं नाव?"

"तुला माहीत नाही?" बाबा म्हणाले. परीक्षकही हसले.

"चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखतं का?"

बाबा परीक्षकांकडे वळून म्हणाले, "सर, हे खरं सांगायचं असतं का?"

"अर्थात! परीक्षा आहे त्याची."

"मग, दुखतं."

"कधीपासून?" मी म्हणालो.

"गेल्या दिवाळीपासून."

पुढचा प्रश्न मला आठवेना. मी विचारलं, "बाबा, घरी का नाही सांगितलंत?"

बाबा माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "अरे, सिलॅबसमधलं विचार. मार्क जातील."