अकरा जीबीची तूट

माझ्या बायकोच्या मामांइतका अन्यायग्रस्त माणूस मीरा-भाईंदरच्या हद्दीत दुसरा झाला नसेल. त्यांच्यावर अन्याय करणाऱ्यांत दूधवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळे होते, फक्त आपण अन्याय करतोय याचा त्यांतल्या बऱ्याच जणांना पत्ताच नसायचा. मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, वजनांवर शिक्के मारले, पेट्रोलपंपांवर पाच लिटरचं माप घेऊन उन्हात उभे राहिले आणि एक दिवस निवृत्त झाले. म्हणजे खात्याच्या मते निवृत्त झाले. मामांच्या मते फक्त पगार थांबला होता. गिरगावातली खोली सोडून त्यांनी पूनम सागर या वसाहतीत फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजी होमाला बसलेले असताना मामा टेप घेऊन त्यांच्या मागून-पुढून हॉल मोजत होते. "गुरुजी, जरा चार इंच डावीकडे," एवढंच अधूनमधून म्हणत. कागदावरच्या आणि प्रत्यक्षातल्या जागेत जी तफावत निघाली, ती बिल्डरच्या माणसाच्या मते भिंतींमध्ये गेली होती. "मग आम्ही काय भिंतीत राहायचं?" असं विचारून मामांनी जो पत्रव्यवहार सुरू केला, तो बिल्डरनं तिथलं ऑफिस हलवल्यावरच थांबला.

सकाळी दुधाची पिशवी फोडली की ती आधी काचेच्या मापात जायची आणि मग पातेल्यात. मामी चहाचं आधण ठेवून तिष्ठत उभ्या असायच्या आणि मामा डोळा मापाच्या रेघेशी आणून वाकलेले असायचे. "आठ मिली कमी," ते न्यायाधीशाच्या आवाजात म्हणायचे, आणि मग चहा व्हायचा. स्टेशनसमोरचे भाजीवाले त्यांना लांबूनच ओळखायचे. एकदा एकानं कटकट नको म्हणून मूठभर भेंड्या वर टाकल्या, तर मामांनी त्या एकेक करून परत काढल्या. "जास्त देणं हीसुद्धा चूकच आहे," असं त्यांनी त्याला शुद्ध मराठीत समजावलं. तो बिचारा जौनपूरचा. त्यानं "जी बाबूजी" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. मामा हरायचे ते फक्त भाईंदरच्या बाजारात, उत्तनहून येणाऱ्या एका कोळणीपुढे. तिच्याकडे मासळी वाट्यानं मिळायची. वाट्यात किती वजन असतं, असं मामांनी विचारलं की ती पाटीवरून नजरही न उचलता म्हणायची, "ह्यो वाटा हाय बाबा, वजन न्हाय." या वाक्यावर कुठलं कलम लावावं हे मामांना शेवटपर्यंत सापडलं नाही. बोंबील मात्र तिच्याकडूनच घ्यायचे.

माझं स्वतःचंही एक दुखणं आहे आणि ते मी विसरलेलो नाही. आमचं लग्न ठरत असताना माझी उंची पाच फूट आठ इंच असल्याचं घरच्यांनी कळवलं होतं. पहिल्या भेटीत पोह्यांची बशी माझ्या हातात असताना मामांनी मला भिंतीशी उभं केलं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली, पेन्सिलीनं खूण केली आणि टेप लावून जाहीर केलं, "पाच सात आणि पाव." पाऊण इंचाची लबाडी पकडली गेल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा माझा झाला. पुढे लग्न झालं, पण "जावईबापू" अशी हाक मारताना मामांच्या डोळ्यांत तो पाऊण इंच मला कायम दिसत राहिला. मी कॉम्प्युटरच्या ऑफिसात नोकरीला होतो आणि राहायला जवळच, बेव्हर्ली पार्कला. या दोन गुन्ह्यांची शिक्षा म्हणून मामांच्या घरातलं वायर असलेलं प्रत्येक यंत्र माझ्या गळ्यात होतं.

मामांची एकुलती मुलगी सई लग्न होऊन कॅनडाला निघाली, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या बॅगा मामांनी काट्याला लटकावून विमान कंपनीनं सांगितलेल्या वजनाइतक्या भरल्या होत्या, ग्रॅमभर इकडे नाही की तिकडे नाही. प्रश्न होता कॅसेटींचा. मस्कतच्या साडूंनी फार पूर्वी एक व्हिडिओ कॅमेरा दिला होता आणि त्यावर घेतलेल्या एकेका तासाच्या बारा कॅसेटी कपाटात होत्या. सईचे वाढदिवस, शाळेतले नाच, गिरगावच्या खोलीतली दिवाळी, आमचं लग्न, सगळं त्यात. पण त्यांना खाडीच्या दमट हवेची बुरशी लागली होती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ज्या माणसाकडे कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायचं मशीन होतं, त्यानं एक कॅसेट उजेडात धरली आणि म्हणाला, "अंकल, एक बार चलेगी. दूसरी बार की गॅरंटी नहीं." तेव्हा जे काही व्हायचं ते एकदाच आणि सई जायच्या आत. एका कॅसेटीला तेरा जीबी लागतील, असंही त्यानं सांगितलं. मामांनी बारा तेरे एकशे छप्पन्न असा हिशेब करून स्टेशन रोडच्या हसमुखभाईंकडून एकशे साठ जीबीची हार्ड डिस्क आणली. ती भरून घ्यायची, एका डबीत बसवायची आणि सईनं सोबत न्यायची. आपलं अख्खं घर मुलीबरोबर जाणार, या कल्पनेनं मामा इतके खूश होते की त्या सकाळी दूध मोजायचं राहिलं.

मी डिस्क त्यांच्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर आकडा आला एकशे सत्तावीस.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तेहेतीस कमी," ते म्हणाले. "वीस टक्क्यांच्या वर. जावईबापू, दूधवाल्यानं एवढं केलं असतं तर मी त्याच्या दुकानाला टाळं लावलं असतं." आम्ही तडक हसमुखभाईंकडे. वाटेत रिक्षात मामा डिस्कचा रिकामा खोका मांडीवर पुराव्यासारखा धरून बसले होते. हसमुखभाईंनी खोका पाहिला आणि गोड आवाजात म्हणाले, "अरे अंकल, सबको ऐसा ही दिखता है."

"सबको कम देते हो, ये बचाव नहीं है," मामा म्हणाले, "ये कबुली है."

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं थांबली. हसमुखभाई घाईघाईनं मला बाजूला घेऊन सांगू लागले की डिस्क ठीक आहे, अंकलच्या कॉम्प्युटरमधली सिस्टीम जुनी आहे आणि तिला एवढी मोठी डिस्क ओळखताच येत नाही. खरं तर हे मलाच सुचायला हवं होतं. मी ऑफिसातून नवी सीडी आणली, रविवार घालवला, सिस्टीम सुधारली, डिस्क पुन्हा पहिल्यापासून आखली आणि पडद्यावर आकडा आला एकशे एकोणपन्नास. बावीस जीबी मी हवेतून काढून दिले होते. कुणीतरी निदान चहा तरी विचारेल अशी माझी अपेक्षा होती.

"अकरा कुठे आहेत?" मामांनी विचारलं.

मी समजावलं. डिस्क बनवणाऱ्याचा किलो हजाराचा असतो आणि कॉम्प्युटरचा किलो एक हजार चोवीसचा. डिस्कमध्ये कमी काही नाही, फक्त मोजणारा मोठ्या मापानं मोजतोय म्हणून आकडा लहान दिसतो. मामा ऐकत होते, पण त्यांचे कान हळूहळू लाल होत होते. "दोन किलो?" ते शेवटी म्हणाले. "एका यंत्रात दोन किलो? जावईबापू, मेट्रिक पद्धत येऊन जमाना झाला. शेर आणि मण हद्दपार करायला आम्ही गावोगाव फिरलो. लोकांनी दगड मारले आम्हाला. आणि आता हे शहाणे दोन किलो घेऊन बसलेत?" मग त्यांनी भिंग आणून खोक्याच्या तळाची मुंगीएवढी अक्षरं वाचली. हजाराच्या हिशेबानं, असं तिथं खरोखरच छापलेलं होतं. त्यामुळे ते जास्तच भडकले, कारण आता तक्रारीलाही जागा उरली नाही. तरी त्यांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. उत्तर आलं नाही. या बाबतीत, सांगायला संकोच वाटतो, मी मनातून पूर्णपणे मामांच्या बाजूचा होतो.

पण सईचं विमान पुढच्याच रविवारी होतं, आणि एकशे एकोणपन्नासात तेरा-तेराच्या अकराच कॅसेटी बसत होत्या. नवी मोठी डिस्क आणावी असं मी सुचवलं. "त्यांनी कमी द्यायचं आणि आपण पुन्हा त्यांच्याच दारात जायचं?" असं म्हणून मामांनी तो विषय तत्त्वावर नेला, आणि मामांचा विषय एकदा तत्त्वावर गेला की परत येत नसे. एक कॅसेट गाळायची ठरली. सगळ्यांच्या नजरा आमच्या लग्नाच्या कॅसेटीकडे वळल्या. माझ्या मनात काय आलं ते मी इथे लिहीत नाही. मामांनी मात्र ती बाजूला होऊ दिली नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं एक कॅसेट उचलून परत कपाटात ठेवली. ती त्यांच्या ऑफिसातल्या निरोप समारंभाची होती. सई तेव्हा कॉलेजात होती आणि तेवढं एकच शूटिंग तिनं केलं होतं.

"बाबा, ती हवीय मला," सई म्हणाली.

"त्यात काय बघायचंय? हार आणि भाषणं," मामा म्हणाले. मामींनी कपाटाकडे पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

शनिवारी संध्याकाळी अकरा कॅसेटी उतरवून डिस्क आली. मामांना ती उघडून तपासायची होती, पण बॅगा बंद झाल्या होत्या. "बाबा, आता काहीही उघडायचं नाही आणि काहीही मोजायचं नाही," असं म्हणून सईनं ती तशीच पर्समध्ये टाकली. मामांनी न तपासता हातची सोडलेली ती माझ्या माहितीतली एकमेव वस्तू.

दोनेक आठवड्यांनी, रविवारी सकाळी सईचा फोन आला तेव्हा आम्ही तिथेच होतो. मामांनी स्पीकर चालू केला. हवापाणी झालं, बर्फ झालं, आणि मग ती म्हणाली, "बाबा, या डिस्कमध्ये जवळजवळ सोळा जीबी रिकामे आहेत. ती एक कॅसेट आरामात बसली असती."

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. कॅसेटीचे तेरा जीबी हे त्या शूटिंगवाल्यानं हजाराच्या मापानं सांगितले होते. कॉम्प्युटरच्या मापानं ते बारा आणि थोडे भरत होते. आम्ही माल एका मापानं मोजला आणि डबा दुसऱ्या मापानं. बाराच्या बारा कॅसेटी बसत होत्या. एकशे एकोणपन्नास दिसले त्या दिवशीही बसत होत्या. मी कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस, आणि दोन किलोंचं व्याख्यान मीच दिलं होतं, तरी मला ते सुचलं नाही. मामांना काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. छत्तीस वर्षं लोकांना ज्यासाठी दंड केला, तेच त्यांच्या हातून घरात झालं होतं.

"आणि अजून एक," सई पलीकडून म्हणत होती. "मी अकराच्या अकरा बघितल्या. तुम्ही कुठेच नाही आहात. नुसता आवाज. मागे सरका, अजून सहा इंच मागे, एवढंच."

साहजिकच होतं. कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात असायचा.

"आवाज स्पष्ट येतोय ना?" मामांनी विचारलं. "मग झालं." फोन ठेवल्यावर ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "मुलीला कमी भरून दिलं मी." त्या दिवशी त्यांनी कुणालाच दोष दिला नाही. हसमुखभाईंना नाही, कंपनीला नाही. मला ते बघवेना. इतकी वर्षं त्या माणसाच्या चिडण्याला मी वैतागलो होतो, आणि आता ते चिडत नव्हते म्हणून मला त्यांचा राग येत होता.

निघताना मामींनी ती कॅसेट रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी तिथूनच शूटिंगवाल्याकडे गेलो. त्यानं ती पुसली, वाळवली, दोन दिवस ठेवून घेतली आणि मशीनमध्ये घातली. तासाभराच्या फितीतून वीस मिनिटं निघाली, बाकीच्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा होत्या. त्या वीस मिनिटांत मामा एका टेबलामागे गळ्यात हार घालून बसले आहेत. कुणीतरी बोलतंय, आणि मामा ऐकताना सारखे कॅमेऱ्याकडे, म्हणजे सईकडे बघतायत. एकदा तर ते तिला हातानं जरा मागे सरकायची खूणही करतात.

मी त्याची सीडी करून कॅनडाला पाठवली आणि मामांना सांगायला गेलो. ते सकाळचा पेपर वाचत होते.

"किती आलं?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं," मी म्हणालो, आणि पुढच्या भडिमारासाठी तयार होऊन बसलो. साठातली चाळीस कमी, म्हणजे टक्के किती, ते मी रिक्षात काढून ठेवले होते.

"पुष्कळ झालं," मामा म्हणाले आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

आज मामा नाहीत. त्या सीडीची एक प्रत आमच्याकडेही आहे आणि वर्षातून एकदा आम्ही ती लावतो. विसाव्या मिनिटाला मामा बोलायला उभे राहतात, घसा साफ करतात, आणि तिथेच रेघा सुरू होतात. दरवेळी माझं डोकं सणकतं. चाळीस मिनिटं म्हणजे काही थोडीथोडकी तूट नव्हे. याची तक्रार कुठे करायची, ते सांगायला मामा हवे होते.