उघडी ठेवलेली जखम

बार्शीटाकळीची सुरैय्या रक्ताला भिणारी नव्हती. गावोगाव बांगड्या भरताना काच फुटून कुणाचं तरी मनगट कापायचंच. पण अकोल्याच्या दवाखान्यात नवऱ्याच्या, अन्सारच्या पोटावरची पट्टी निघाली, तेव्हा तिनं पलंगाचा दांडा घट्ट धरला. बेंबीच्या वर-खाली लांबलचक जखम, आणि ती शिवलेलीच नव्हती.

अन्सारनं दुखणं अंगावर काढलं होतं. अपेंडिक्स फुटून पोटभर पू पसरला होता. ऑपरेशन झालं, पण ताप हटेना.

तिचा दीर परवेज भडकला. "पोट उघडं ठेवून देलं! भाभी, सामान बांधा. दुसरा डॉक्टर आजच टाके मारून देतो म्हणते."

डॉक्टर पौर्णिमा जखम धूत होत्या. "आतला थर पक्का शिवलाय. त्याला एकेरी, गुळगुळीत दोरा वापरलाय; पीळ असलेल्या दोऱ्यात जंतू लपून बसतात. पण वरची कातडी आत्ता शिवली, तर पू खाली कोंडेल."

"मंग ताप काहून उतरत नाही?" सुरैय्यानं विचारलं.

"मलाही नक्की सांगता येत नाही. पोटात पू उरला असेल. आज सोनोग्राफी करू."

"पाहा! यायलेच मालूम नाही," परवेज म्हणाला आणि दवाखान्यातून सुटी मागायला निघाला.

अन्सार ग्लानीत होता. सुटीच्या कागदावर सही सुरैय्याचीच लागणार होती. नेलं आणि वाटेत काही झालं, ठेवलं आणि इथं काही झालं, बोल तिलाच. पण ही बाई खोटा धीर देत नव्हती, एवढं तिला कळलं.

"परवेजभाई, मी नाही नेत त्याईले. काही झालं तं माह्या माथी मारा."

परवेज तडक निघून गेला.

सोनोग्राफीत ओटीपोटात पुवाचा साठा दिसला. नळी घालून तो काढला. तरी ताप चढायचा, उतरायचा. रोज पट्टी बदलताना सुरैय्या जखमेवरून नजर हटवत नसे. पिवळी घाण ओसरली, खालून लालबुंद मांस भरू लागलं. एका सकाळी अन्सारनं चहा मागितला आणि ती व्हरांड्यात जाऊन पोटभर रडली. जखम स्वच्छ झाल्यावरच कातडीला टाके पडले.

परवेज थेट ईदला घरी आला. अन्सारनं सदरा वर करून वाकडातिकडा व्रण दाखवला.

"दुखते का?"

"खोकलो का दुखते."

परवेजनं भावाचा सदरा हळूच खाली ओढला. मग म्हणाला, "भाभी, शीरखुर्मा आणा ना."