सुभद्रेचं कोरडं ताट

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना खडीसाखर सांडावी तसे पांढरे ठिपके दिसत होते.

"हे खडे," ते म्हणाले. "पण किडनीत नाहीत, पित्ताशयातही नाहीत. पॅन्क्रियासमध्ये आहेत."

पॅन्क्रियास म्हणजे स्वादुपिंड. ते जठराच्या मागे आडवं असतं. तेल-तूप पचायला त्याचा रस लागतो आणि रक्तातली साखरही तेच ताब्यात ठेवतं. माझ्या बायकोच्या, सुभद्रेच्या आजाराचं नाव होतं क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे या स्वादुपिंडाला आलेली जुनाट, न जाणारी सूज.

"घरात दारू?" डॉक्टरांनी विचारलं. पिणाऱ्यांना हा आजार पुष्कळदा होतो, म्हणून विचारावं लागतं.

मी नाही म्हणायच्या आत कॉटवरून सुभद्रा बोलली, "मले वाटीभर तूप सोसत नाई डाक्टरसायेब, दारू कुठून सोसन?"

डॉक्टर हसले आणि लगेच गंभीर झाले. "तूप खाल्लं की दुखतं?"

"तूप, तेल, तळलेलं. कोरडं खाल्लं का कमी दुखते."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लय दिवसांपासून. घरी सांगतलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिल्मकडे पाहत राहिलो.

१९५६ साली आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. मी सिंदी रेल्वे या गावच्या स्टेशनवर मालबाबू होतो. कापसाच्या गाठी गाडीत चढण्याआधी त्यांच्या पावत्या करायचं काम. सुभद्रेला वर्ष-दोन वर्षांपासून बरगड्यांखाली दुखायचं. कळ थेट पाठीत निघायची. मग ती पोटाशी उशी दाबून, पुढे वाकून बसायची. आडवं होता येत नसे. अंगावरचं मांस झडत चाललं होतं.

वैद्यांनी पित्त सांगितलं. कुणी जंत सांगितले. शेजारणी म्हणाल्या, काम आलं की बरोबर हिचं पोट दुखतं. माझ्या मायला तर एकच औषध ठाऊक होतं.

"हाडं दिसून राह्यले वं तुह्ये. खाय तुपातला लाडू."

सुभद्रा लाडू गोठ्यातल्या गाईला घालायची. मायनं पाहिलं तेव्हा घरात रामायण झालं. त्यानंतर सुभद्रेनं उघडच सांगितलं की आपण कोरडी भाकर आणि बिनफोडणीचं वरणच खाणार. ती तसंच जेवू लागली. दुखणं कमी झालं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला दिसत होती ती फक्त लोकांच्या डोळ्यांवर येणारी तिची कोरडी भाकर.

अशात आर्वीहून तिचा मोठा भाऊ दामोदर आला. बहिणीच्या ताटात त्यानं एकदा डोकावलं आणि मला ऐकवलं, "जवाईबुवा, तुमच्या घरी तुपाचा दुष्काळ पडला का? का आमच्या बहिणीपुरताच?"

ते मला झोंबलं. आमच्याकडे पुरणपोळीवर तुपाची धार पडली नाही तर पाहुणा उपाशी उठल्यासारखा असतो. सुनेच्या ताटात तूप नसणं म्हणजे घराची अब्रू गेली. मी अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला तिच्या माहेरच्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं. पंगत बसली. तुपाचा तांब्या मी स्वतः उचलला आणि सगळ्यांच्या देखत सुभद्रेच्या पोळीवर धार सोडली. दामोदर पाहील एवढी, आणि वर आणखी थोडी. पंगतीनं वाहवा केली.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून सगळी पोळी संपवली.

दिवस मावळायच्या आत ती उलट्यांनी पिवळी पडली. कळ अशी की हाक मारली तरी ओ देईना. सकाळच्या पॅसेंजरनं तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं तोंडानं पाण्याचा घोटही बंद. नाकातून रबरी नळी, हाताला सलाइन. कळ ओसरल्यावर तिथंच तो एक्स-रे काढला. मी व्हरांड्यात पेशंटच्या नातेवाइकांत बसून असायचो. लोक एकमेकांना दुखणी सांगायचे. मला कुणी विचारलं की मी म्हणायचो, पोटाचं आहे. तांब्याचं कुणालाच सांगितलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "हा आजार जाणार नाही. थोडं-थोडं, पुष्कळदा खायला द्या. तेल-तूप बंद. पुढे डायबिटीस होईल, तयारी ठेवा. आणि बाई काय खायला नाही म्हणतात ते ऐकत जा."

मग ऐकू लागलो. मायनं अबोला धरला, तोही सोसला. पण खरी वेळ आली दामोदरच्या मुलीच्या लग्नात, आर्वीला.

मी पुरुषांच्या ओळीत होतो, समोर बायकांची ओळ. वाढणारा तूप घेऊन आला. सुभद्रेनं पत्रावळीवर हात आडवा धरला. तिची आत्या मोठ्यानं म्हणाली, "सासरची सवय हाय तिले. सुक्कंच गोड लागते."

बायका हसल्या. दामोदरचा चेहरा उतरला. त्यानं वाढणाऱ्याच्या हातून भांडं घेतलं आणि तो बहिणीपुढे वाकला. "माह्या घरी तरी पोटभर खाय वं."

मी जागेवरूनच ओरडलो, "दामोदरभाऊ, हात आवरा. अखजीले मीच तिले तूप वाढलं होतं. तुमच्या बोलण्याचा राग काढला तिच्या ताटावर. दुसऱ्या दिवशी नागपूरले नेली, तवा वाचली."

तेवढ्यात आमच्या ओळीला तूप वाढणारा दुसरा माणूस माझ्यापाशी आला. मी माझ्या पत्रावळीवर हात धरला.

"तुमाले काय झालं मालबाबू?" आत्यानं विचारलं.

"मले काई नाई झालं. पण ती खाईन तेच मी खाईन. ज्याले हसायचं त्यानं हसा."

दामोदरनं भांडं खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मंग तिले चालते तरी काय?"

"वरण-भात. बिनफोडणीचा."

तो स्वतः आचाऱ्याकडे गेला आणि फोडणी पडायच्या आधीचं वरण वाटीत घेऊन आला. एक वाटी तिला, एक मला. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही.

पुढे डॉक्टर म्हणाले तसा डायबिटीस आला. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून तापवायचं, रंग विटकरी झाला की साखर वाढली. काचेची सिरिंज उकळून इन्शुलिन टोचायचं. मी शिकलो. कळा येत राहिल्या, पण तिनं दोन मुलं वाढवली, नातवंडं खेळवली आणि केस पांढरे होईपर्यंत माझ्याशी भांडली.

ती गेली तेव्हा सिंदीत लोक बोलले की मालबाबूनं बायकोला जन्मभर कोरडं खाऊ घातलं. हो, घातलं. त्याच कोरड्यानं ती एवढी वर्षं जगली. ज्या दिवशी मी तिला लोकांसाठी तूप खाऊ घातलं, त्या दिवशी ती मरणार होती आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांनी एवढं करावं: आधी ताटापुढे बसलेल्या माणसाला विचारावं, पंगतीला नंतर.

यंदाच्या अखजीला पितरांची ताटं मांडली. त्यात आता सुभद्रेचंही असतं. सून तुपाची वाटी घेऊन तिच्या ताटाशी घुटमळली.

"बाबा, आता तर त्याइले दुखणं नाई. आज तरी वाढू का?"

"आज तर नाईच," मी म्हणालो, आणि ताटावर हात आडवा धरला.