सायकल खांद्यावर
सायकलच्या साखळीला घातलेल्या तेलाचा वास आला की मला ती सकाळ आठवते. तेव्हा मी राहनाळहून भिवंडीत कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला जायचो. आमच्याकडे रीतच अशी, की बदली माणूस आल्याशिवाय आधीच्याने चालू लूम सोडून जायचं नाही. त्या दिवशी माझ्याच लूमवर रात्रपाळी करणाऱ्या माझ्या जोडीदाराला बहिणीच्या लग्नासाठी गावची गाडी पकडायची होती, आणि नेमका मोठ्या रस्त्यावर कंटेनर आडवा झाला. "कुठं जातंस रं? आज रस्ता न्हाय सुटत," अडकलेल्या रिक्षातून आमचा शेजारी ओरडला. मी सायकल उचलून खांद्यावर घेतली, ट्रकांच्या फटींतून, गटाराच्या कडेने चालत राहिलो आणि रस्ता मोकळा दिसताच जोरात पायडल मारलं. कारखान्यात पोचलो तेव्हा सकाळच्या पाळीचा दुसरा कोणीच आला नव्हता. जोडीदार कपडे बदलून, पिशवी अडकवून लूमपाशीच उभा होता. मला बघताच त्या खडखडाटात तो मालकाला ओरडून म्हणाला, "बोला था ना, मेरा आदमी आयेगा!" आता माझ्याकडे मोटारसायकल आहे. त्याच रस्त्यावर तिच्यावर बसून मी तासन्‌तास अडकतो, आणि ती काही खांद्यावर घेता येत नाही.