दुसरी आंघोळ

मी सिंदीला शाळेत शिकवते. माझा आवाज पार स्टेशनापर्यंत जातो, असं आमचे हे म्हणतात. माझा रागही तेवढाच लांब जातो, हे ते भीतीपोटी म्हणत नाहीत.

दिवाळी झाली आणि पाण्याची भरली बादली नुसती उचलली, तरी माझ्या हातावर काळेनिळे डाग उठायला लागले. दात घासताना हिरड्यांतून रक्त. वर्ध्याला जाऊन तपासलं, तर ब्लड कॅन्सर! पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा काही पडला नाही. म्हणाल्या, "तुमच्या पांढऱ्या पेशी मोठ्या व्हायच्याच थांबल्यात. कच्च्याच राहून गर्दी करतायत."

"म्हणजे नापास होऊन एकाच वर्गात बसलेली पोरं," मी म्हटलं.

त्या हसल्या. "बरोब्बर. चांगल्या पेशींना शरीरातलं चिमूटभर अ जीवनसत्त्व पुरतं. तुमच्या आजारी पेशींना मोठा डोस लागतो. या कॅप्सूल त्याच जीवनसत्त्वाच्या कुळातल्या. त्या पेशींना आधी मोठं करतात, मग त्या आपलं आयुष्य संपवून आपोआप जातात."

जोडीला सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची सलाइन. विषच की! पण या आजारावर तेच औषध होतं.

सुरुवातीचे दिवस दवाखान्यात काढून मी घरी आले, तेव्हा रोहण्याहून मोठ्या जाऊबाई हजर. ऐन कापूस वेचणीत शेत दिरांवर सोपवून आल्या होत्या. अ जीवनसत्त्व एवढंच त्यांनी धरून ठेवलेलं. मग काय, पपई, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. मी वैतागून म्हटलं, "बाई, मी आता पिवळी पडेन." त्या म्हणाल्या, "पड पिवयी, पण खाय."

जाऊबाई माळकरी. ज्या घरी अंडं शिजलं, तिथं त्या पाणीही पीत नाहीत. जेवणानंतर माझ्या गोळ्या त्याच काढून तळहातावर ठेवायच्या. मी डोळे मिटून गिळून टाकायची.

आणि गोळ्या दिल्या, की त्या न्हाणीत जाऊन पुन्हा आंघोळ करायच्या. भर थंडीत, गार पाण्यानं, रोज. मग देवापुढं दिवा लावायच्या.

मला ते फार लागलं. माझ्या हाताला हात लागला म्हणून आंघोळ? दोन-तीन दिवस गिळलं, मग सुटलेच. "कॅन्सर काय हात लावून लागतो का? एवढा विटाळ होत असेल, तर आलात कशाला?"

"तसं नाई व," एवढंच म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. डोळे भरलेले दिसले मला. पण मी कसली थांबते! दिवसभर भांडी आपटली.

त्यातच डोकं दुखायला लागलं. साधं नाही, ठणके. वाचायला घेतलं तर अक्षरं दोन-दोन दिसायची. जीव घाबरला. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. "आणखी काय घेता?"

"काही नाही," मी ठणकावलं.

जाऊबाईंनी पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या. "मेडिकलवाला म्हणे, यात लय जीवनसत्त्व हाय. म्हटलं, मोठा डोस लागते ना इले... म्याडम, इच्या डोयाले काई झालं तं नाई ना?"

कॅप्सूल आणि या गोळ्या, दोन्हीकडून अ जीवनसत्त्वाचा भार डोक्यावर पडला होता. बाईंनी तेलाच्या गोळ्या तिथल्या तिथं बंद केल्या, कॅप्सूलचा डोस थोडे दिवस कमी केला. वेळेवर आलात, म्हणाल्या.

परतताना ऑटोत मी विचारलं, "माळकरी असून माशाची गोळी हातात घेतली तुम्ही?"

"मंग काय करू? देवाले म्हटलं, पाप माह्या नावावर लिवजो, पन इले उठवजो. पन त्या हातानं दिवा कसा लावू? म्हून आंघोय." मग म्हणाल्या, "तुले सांगतलं असतं, तं तू घेतली नसती."

मी भोकाड पसरलं. ऑटोवाल्यानं गाडी बाजूला घेतली, त्याला वाटलं कोणी गेलं.

डोकेदुखी हळूहळू उतरली. महिने गेले, औषधं संपली. शेवटच्या तपासणीत वाईट पेशी एकही सापडली नाही. रिपोर्ट ऐकायला जाऊबाई आल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवलं.

"मले काय हात नाई का?" त्या खेकसल्या.

"गुमान घ्या," मी म्हटलं, आणि भरली बादली मीच उचलून न्हाणीत नेऊन ठेवली.

दुपारी जेवायला बसलो, तेव्हा त्यांनी माझा हात ओढून घेतला, बाही वर केली आणि उजेडाकडे फिरवून नीट पाहिला. डाग नव्हता. मग त्यांनी मला भाजी वाढली.